रात्रीच्या ओलीताला कमरेला चाकू लावावा का?

पत्र आलं ते असं, थोडं कापून देतो:

"दादा नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातला, वय 26, घरचं 6 एकर वावर. सध्या हरभरा अन् गहू हाय. आठवड्यातून तीन-चार दिवस लाईन रातचीच राह्यते, मंग ओलीताले एकट्यालेच जा लागते. मागं बाजूच्या वावरातल्या मोटारीचा केबल कापून नेला. मलेबी एका राती धुऱ्यावर दोन जणं दिसले, आवाज देल्ला तर पऱ्हाटीतून पळाले. तवापासून धाकधूक राह्यते. ऑनलाईन एक लहान फिक्स्ड ब्लेड चाकू पाह्यला, साडेतीन इंच पातं, पुरा काळा, गळ्यात घालाचा. तो घेऊ का दुसरा? गळ्यात बरा का कमरेले? पोलिसाचं काही लफडं तर नाही ना? अन् लहान बहीण यवतमाळले शिकाले जाते, सांजच्याले फाट्यावर उतरून पायी येते. तिच्या बॅगमंदी एक ठेवला तर चालन का?"

भाऊ, तू विचारलं हे बरं केलं, नाहीतर आजकाल रील पाहायची, ऑर्डर टाकायची अन् चाकू घरी आल्यावर त्याचं काय करायचं ते शोधत बसायचं असं चालू आहे. चाकू कोणता घ्यायचा ते सांगतोच, नीट सांगतो, पण ज्या भीतीपायी तू तो घेऊन राह्यला त्या भीतीवर तो किती कामाचा ते आधी पाहू.

डोळ्यासमोर आण. रात्रीचा दीड वाजला, अंगावर स्वेटर अन् त्यावर चादर, पायात गमबूट, अर्धा पाय चिखलात, हातात फावडं कारण दांड फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं आहे, अन् बोटं गार पाण्यानं इतकी आखडलेली की माचिसची काडी धरता येत नाही. अशात धुऱ्यावर कोणी दिसलं तर तू फावडं टाकशील, चादर सारशील, स्वेटर वर करशील अन् मंग गळ्यातला साडेतीन इंचाचा चाकू काढशील? अन् काढला तरी तो चालते कुठं, तर समोरच्याचा श्वास आपल्या तोंडावर येते तेवढ्या अंतरावर. ते दोघं, तू एकटा, त्याईच्या हातात केबल कापायचं कटर नाहीतर कोयता. तुह्या हातात आधीच चार फुटाच्या दांड्याचं फावडं आहे ना गड्या, ते टाकून लहान हत्यार काढायचं कशाला?

अजून एक. चालू लाईनीचा केबल कापायला कोणी हात लावत नाही, चोरालाही जीव प्यारा असते. तो लाईन गेल्यावर येते, नाहीतर दिवसाची पाळी असली की रात्री येते जेव्हा सगळे घरी झोपलेले राह्यतात. तुला दिसलेले दोघं बहुतेक अंदाज घ्यायला आले असतील अन् माणूस दिसला म्हणून पळाले. म्हणजे तुह्या नुसत्या आवाजानं काम झालं होतं. यात एक फायदा आहे जो आपण घेतच नाही, एका फीडरवर जेवढे पंप आहेत तेवढ्या सगळ्याइची लाईन एकाच वेळी येते, म्हणजे तू जागा आहे तेव्हा आजूबाजूच्या दहा वावरात दहा जणं जागे आहेत, फक्त एकमेकाला माहीत नाही. त्या फीडरवाल्याइचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करा, कोण कोणत्या वावरात आहे ते लाईन आल्याबरोबर टाका, अन् कोणी अनोळखी दिसला की टाईप करत बसू नका, फोन लावा. सोबत लांब फोकसची एक ब्याटरी हातात अन् एक डोक्याला बांधायची. संशय आला की डोक्याची आधी बंद करायची कारण तू कुठं उभा आहे ते त्या उजेडानं दूरवरून दिसते, अन् हातातली अंगापासून बाजूला धरून मारायची. जवळ जायचं नाही. ते पळत असतील तर पळू दे, गाडीचा नंबर दिसला तर पाहून घे, 112 लाव.

मागं लागायचं नाही हे मी भित्रेपणानं नाही सांगून राह्यलो, कायदा तसा आहे. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे 1 जुलै 2024 पासून जुन्या आयपीसीच्या जागी जी आली तिच्यात, कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काचे आहेत. हक्क पक्का आहे, त्यात शंका नको. पण कलम 37 म्हणते की बचावाला जेवढं लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क कधी जाते ते कलम 38 मध्ये अंगावरच्या हल्ल्यासाठी दिलं आहे, म्हणजे आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी खरी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला असे प्रकार. मालमत्तेसाठी कलम 41 वेगळं आहे, त्यात जबरी चोरी येते, रात्रीची घरफोडी येते, पण वावरातला केबल गुपचूप कापून नेणं ही साधी चोरी त्यात बसत नाही, जोवर चोर तुह्या जिवावर उठत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत चाकू लागला तर केबल त्याचा अन् केस तुही. कलम 118 घातक हत्यारानं दुखापत केल्याचं आहे, तपासात पहिला प्रश्न हाच येते की चाकू सोबत कशाला नेला होता, अन् "कोणी आला तर मारायला" हे उत्तर वकिलालाही जड जाते.

आता चाकू. वावरात चाकू लागतोच, मी स्वतः त्याशिवाय निघत नाही. सुतळी, बारदाना, ठिबकची नळी, खताच्या चुंगड्या, बैलाच्या गळ्याचं दावं अडकलं तर तेही कापावं लागते. म्हणून कामाचा चाकू घे, चांगला घे, अन् वेळ आलीच तर तोच हातात राहील. फक्त मारामारीसाठी म्हणून बनवलेला काळा टोकदार चाकू वावरात काही कामाचा नाही अन् ठाण्यात फार वाईट दिसते.

घडीच्या चाकूपेक्षा फिक्स्ड ब्लेड घेण्याचा तुझा विचार मात्र बरोबर आहे. घडीच्या चाकूत बिजागरी असते, तिच्यात माती जाते, आखडलेल्या बोटानं उघडत नाही, अन् हलका लॉक असला की जोर दिल्यावर आपल्याच बोटावर बंद होते. पातं 3 ते 4 इंच पुरे. त्यापेक्षा जास्त पाहायचं ते मुठीकडं. लहान चाकूत कंपन्या मूठही लहान करतात, तीन बोटं मावतात अन् करंगळी हवेत राह्यते, असा घेऊ नको. चारही बोटं बसली पाहिजे, म्हणजे मूठ कमीतकमी 4 इंच. अन् मूठ अन् पात्याच्या मधात बोट अडेल असा गार्ड नाहीतर खोल खाच हवी. चाकू कशावर जोरात टेकला, हाडावर म्हण, जाड चेनवर म्हण, लाकडावर म्हण, की ओला हात पुढं सरकते अन् सरळ धारेवर जाते. बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, तळहाताकडून जातात, त्या कापल्या की नुसत्या टाक्यानं भागत नाही, ऑपरेशनला सावंगी, सेवाग्राम नाहीतर नागपूरचा मोठा दवाखाना. चाकूच्या झटापटीत असं स्वतःचं नुकसान हमखास होते, त्यात समोरच्यानं काही करायचीही गरज नसते.

पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकच पट्टी गेलेली पाहिजे, वरून दोन्ही बाजूनं मुठीचे तुकडे रिव्हेटनं ठोकलेले. अर्ध्यातच थांबलेली शेपटी मुठीत चिकटवलेली असली की एक दिवस मूठ हातात अन् पातं चिखलात. "जर्मन स्टील", "सर्जिकल स्टील" असं नुसतं छापलेलं असेल तर त्याचा काही अर्थ नाही, ग्रेड लिहिलेला पाहा, 440सी, 8सीआर13एमओव्ही, 12सी27 असं काही. 1095 सारखं हाय कार्बन धार छान धरते पण आपल्या पावसात दोन दिवसात तांबूस होते, रोज पुसून तेलाचं बोट फिरवणार असशील तरच. 420 नरम राह्यते, लवकर बोथट, पण दगडावर चार हात मारले की पुन्हा चालू, गरिबाचा चांगला आहे. दमास्कसची नक्षी सासऱ्याला दाखवायला ठीक.

अन् खरं विचारशील तर ऑनलाईनच्या आधी गावच्या नाहीतर राळेगावच्या बाजारातल्या लोहाराकडं जा. ट्रकच्या कमानपट्टीचा लहान चाकू करून माग, तुह्या हाताच्या मापानं मूठ, पातं 3 मिलिमीटर जाड, टोक फार लांबवलेलं नको. कमानपट्टीचं पोलाद चिवट राह्यते, लोहाराला त्याला पाणी कसं द्यायचं ते माहीत असते. धार मात्र रस्त्यावरच्या चाकावाल्याकडून लावू नको, घिसाडघाईत पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं समज, मंग कितीही घास, धार टिकत नाही. मुठीला नारिंगी नाहीतर लाल रंग दे. रीलमधले सगळे काळा घेतात कारण तो दिसत नाही म्हणून, अन् आपला तर हरभऱ्यात पडला की तो आपल्यालाच दिसत नाही.

म्यानाकडं तू पत्रात एक शब्द नाही लिहिला, अन् माझ्या मते अर्धे पैसे त्याचेच द्यावे. चाकू म्यानात घाल, उलटा धर, जोरात झटक. पडला तर ते म्यान नाही, पिशवी आहे. मंग डोळे मिटून एका हातानं काढून पाहा अन् तसाच परत घालून पाहा, ओल्या हातानं, स्वेटर घालून. प्लास्टिकचं, ज्याला कायडेक्स म्हणतात ते, टक करून बसते अन् धुता येते. चामड्याचं दिसायला भारी पण पावसाळ्यात ओल धरते, चाकू रात्रभर त्यात राह्यला की गंजला, घरी आल्यावर दोन्ही वेगळे ठेवायचे. कापडी नायलॉनचं तर नकोच, टोक आरपार येते, अन् ते टोक मांडीकडं असते.

गळ्यात नको. ओलीत म्हणजे सारखं वाकणं, वाकलं की चाकू पुढं लटकते, हनुवटीखाली झोके घेते, फांदीत दोरी अडकली की गळ्याला फास, अन् झटापटीत कोणी ती दोरीच धरली तर तूच त्याच्या हातात. घालायचीच हौस असेल तर दोरी झटक्यानं तुटणारी, मण्याच्या चेनसारखी पाहिजे. मी म्हणतो कमरेला लाव, पट्ट्यात, उजव्या हाताचा असशील तर उजव्या खिशाच्या थोडा मागं. अगदी पुढं लावला तर वाकल्यावर अन् गाडीवर बसल्यावर पोटात रुततो, अगदी पाठीच्या कण्यावर लावला तर गाडीवरून पडल्यावर कण्याखाली लोखंड येते. अन् उघड्यावर लाव, शर्टाच्या वर, ज्याला पाहायचं त्याला पाहू दे. वावरात कमरेला म्यानात चाकू असलेला शेतकरी म्हणजे शेतकरी, तोच चाकू शर्टाखाली लपवून बसस्टँडवर फिरला की गोष्ट बदलते.

पोलिसाचं लफडं, तर ऐक. विकणारे सांगतात "6 इंचापर्यंत बिनधास्त", तो आकडा त्याईनं कुठून आणला त्याईलाच माहीत. आर्म्स रूल्स 2016 मध्ये परवान्यासाठीच्या धारदार हत्याराचं माप दिलं आहे ते 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पातं, अन् घरकाम-शेतीसाठी बनवलेलं त्यातून वगळलं आहे. आर्म्स ॲक्ट 1959 च्या व्याख्येत तर लाठी अन् साध्या काठीचं नाव घेऊन त्याईला सोडलं आहे. म्हणजे साडेतीन इंचाचा चाकू घरात ठेवला, वावरात नेला म्हणून गुन्हा नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 च्या कलम 37 खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, सण, निवडणूक, मोर्चे असले की हमखास, अन् त्या आदेशात तलवार, भाल्यासोबत चाकू, काठी, लाठी सगळं येते. तो चालू असताना चौकात चाकू सापडला तर कलम 135 खाली कारवाई होते, मग पातं अडीच इंचाचं का असेना. म्हणून एक सवय लाव, वावरातून आला की चाकू घरी खुंटीला. लग्नात, बाजारात, तहसीलला, यवतमाळ-नागपूरला जाताना सोबत नाही. दारू प्यायला बसायचं असेल त्या दिवशी तर घराबाहेरही नाही, यावर मी वाद घालत नाही.

जनावराचं तू विचारलं नाही पण राळेगावचा म्हणून सांगतो. 2018 ला माणसं मारल्याचा ठपका असलेल्या टी-1 वाघिणीच्या वेळी, जिला सगळे अवनी म्हणत, तिकडल्या लोकाईनं वावरात एकट्यानं जाणं कसं बंद केलं होतं ते तुला आठवत असेल. वाघाला, रानडुकराला साडेतीन इंचाचं काही नसते. वाकून काम करणारा माणूस त्याला चार पायाचं जनावर वाटते, म्हणून मधूनमधून सरळ उभं राहायचं, बोलायचं, खाकरायचं, मोबाईलवर गाणं लावायचं, अन् दोघांनी जायचं. टिपेश्वरकडं काही कामानं गेला तर चाकू नेऊच नको, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 31 प्रमाणे अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायला लेखी परवानगी लागते.

राहिली बहीण. आधी तिला विचारलं का, का तूच ठरवून राह्यला? बॅगमध्ये डब्याखाली, वह्याखाली ठेवलेला चाकू लागेल तेव्हा भेटणार नाही, अन् कॉलेजात कोणी बॅग पाह्यली तर तिचंच नाव खराब होईल, तुझं नाही. ज्या पोरीच्या अंगात भांडण नाही तिच्या हातातून चाकू काढून घ्यायला धडधाकट माणसाला वेळ लागत नाही, मंग तो त्याच्या हातात. तिला मिरचीचा स्प्रे घेऊन दे, परवाना लागत नाही, दोन-तीन हाताच्या अंतरावरून काम करते, म्हणजे अंगाला हात लागायच्या आधी. ट्रिगरला लॉक असलेला पाहा, एक्सपायरी पाहा, अन् तो बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात, फाट्यावर उतरायच्या आधीच हातात. घरची भिवापुरी मिरची पुडीत बांधून देण्याचा सल्ला तुले कोणी देईलच, तो ऐकू नको, पूड वाऱ्यानं आपल्याच डोळ्यात येते. फोनमध्ये 112 ची इमर्जन्सी सेटिंग चालू करून दे, बहुतेक फोनमध्ये पॉवरचं बटन भरभर दाबलं की कॉल लागते, एकदा सेटिंगमध्ये जाऊन पाहून घे तिच्या फोनला किती वेळा दाबावं लागते. अन् यष्टी फाट्यावर यायच्या वेळी तू नाहीतर बाबा ब्याटरी घेऊन उभं राहणं जमत असेल तर जमवा, फाट्यावरून येणाऱ्या दुसऱ्या पोरीही असतील, त्या सगळ्या मिळून येतील अशी वेळ लावून घ्या. त्याच फाट्यावर रोज बसणारा कोणी त्रास देत असेल, तुला सांगितलं नसेल पण असेल, तर ते तिच्याकडून शांतपणे काढून घे, रागात चाकू घेऊन त्याच्या घरी जाऊ नको, नावानिशी ठाण्यात लेखी दे अन् त्याची पोच घे. महिला हेल्पलाईन 181 आहे, तिथं ती स्वतः बोलू शकते.

स्प्रे आणला की एकदा तिच्या हातानं अंगणात थोडा मारून पाहायला लाव, म्हणजे बटन किती जोरानं दाबायचं ते तिला कळेल. वारं पाठीमागून पाहिजे, अन् त्या वेळी आजीची बाज अंगणात नको.